वीतभर माती

थोरल्याचा हिशेब सरळ होता. रस्त्याला लागून असलेलं तीन एकर रान धाकट्या भावाचं. भाऊ वारला, रान भावजयीचं झालं. सरकारी नकाशात ते हिरव्या पट्ट्यात, म्हणजे तिथे शेतीच करायची, दुसरं काही नाही. पण जमीन नापीक ठरली की पट्टा पिवळा होतो आणि पिवळ्यात घरं बांधता येतात. शिवाय नापीक रान भावजय फुकापासरी लिहून देणार, तेही थोरल्यालाच. अडचण एकच, रानात गहू गुडघ्याला लागत होता.

म्हणून त्याने मातीबाबाला बोलावलं.

कापणी झाल्यावर एका सकाळी बांधावर पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबाने भावजयीच्या रानातलं ढेकूळ उचललं, कानाला लावलं आणि 'हूं, हूं' करत मान डोलावली, जणू ढेकूळ सासुरवास सांगत होतं. मग झारीतलं तीर्थ त्यावर ओतलं. ढेकूळ फसफसलं.

"पेटलीय!" बाबा गरजला. "धन्याला गिळलं, तरी भूमीची भूक भागली नाही!"

थोरल्याच्या रानातल्या ढेकळावर दुसऱ्या झारीतलं तीर्थ पडलं. ते गुमान भिजलं.

"यावर उपाय, बाबा?" थोरल्याने ठरल्याप्रमाणे विचारलं.

"वरची वीतभर माती उतरवा आणि भट्टीत घाला. ही आग आगीनेच शमेल."

वीटभट्टी बाबाच्या मेव्हण्याची होती. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

भावजय चाचरत म्हणाली, "दादा, पण याच मातीत आत्ता गहू..."

"धाकटे, एक जीव गेलाय. आता लेकीवर बेतायची वाट बघतेस?"

तिने शेजारी उभ्या लेकीला जवळ ओढलं. थोरल्याला हे वाक्य आदल्या दिवशीच सुचलं होतं आणि ते इतकं बेतशीर बसलं म्हणून तो मनातून खूश झाला. घरटी एक फावडं आलं. लोक पुण्य समजून तीन दिवस राबले.

पुढच्या पेरणीला खालच्या मुरमात चार काड्या उगवल्या, त्याही पिवळ्या. थोरल्याने पट्टा बदलायचा अर्ज लिहिला, भावजयीची सही घेतली. माती तपासायला सरकारी प्रयोगशाळेतली बाई आली. रानात शिरताना ती वीतभर खाली उतरली आणि थबकली.

"वरची माती कुठंय?"

दहा जणांनी एकदम सांगितलं. तिच्या ढेकळावर ओतून उरलेलं तीर्थ बाबाने तिला दिलं होतं, त्याची बाटली भावजयीने आणून दाखवली. ती ते रोज उंबऱ्यावर शिंपडत होती. बाईंनी त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

"हे लिंबूसत्त्वाचं पाणी. वाण्याकडे मिळतं. आता या थोरल्यांच्या रानातलं ढेकूळ आणा."

थोरला म्हणाला, "कशाला उगाच?" तोवर ढेकूळ आलं होतं. बाईंनी बाटली उपडी केली. ढेकूळ फसफसलं, जरा जास्तच.

"थोरले, तुमचीही पेटली की!" मागून कुणीतरी ओरडलं. बांध हसला.

"मातीत चुना असला की आंबट पडताच वायू सुटतो, फेस येतो," बाई म्हणाल्या. "या सगळ्या शिवारात चुना आहे आणि त्यात गहू उत्तम येतो. दुसऱ्या झारीत साधं पाणी होतं. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा, दोन्हीकडे एकाच झारीतलं ओत. पाया पडायचं ते नंतर बघू."

"मला आधीच संशय होता," असं म्हणाला तो, ज्याचं फावडं सगळ्यात जास्त चाललं होतं.

भावजयीने हळूच विचारलं, "मग बाई, माझी माती परत आणू ना?"

"भट्टीतून? तिच्या विटा झाल्या, ताई. असा थर व्हायला शेकडो वर्षं लागतात."

बाईंनी अहवाल प्रामाणिकपणे लिहिला: जमीन नापीक नव्हती, केली गेली. पट्टा हिरवाच ठेवावा.

ताळेबंद असा. बाबाच्या मेव्हण्याची भट्टी भरली. थोरल्याचा बेत फसला, पण स्वतःचं रान शाबूत राहिलं. गावाचे तीन दिवस गेले, बदल्यात जन्मभर सांगायला गंमत मिळाली. आणि भावजयीकडे तीन एकर उरले, ज्यात कायद्याने फक्त शेती करता येते आणि शेतीच तेवढी होत नाही.