चोवीस मुलांची मावशी

तिसरीच्या वर्गाची सहल बेकरीत येणार म्हटल्यावर मालकांनी सगळ्यात आधी हात वर केले. "मला भट्टी सांभाळता येते, पोरं नाही," असं म्हणून त्यांनी सगळं मावशीच्या गळ्यात टाकलं आणि ते मोकळे झाले.

मावशी बेकरीत पीठ मळायची. मैदा घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यापासून साठी उलटलेल्या मालकांपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणायचे. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं. चार वर्षांपूर्वी ती इथं कामाला लागली, कारण घर खायला उठत होतं. बेकरीचं काम पहाटे सुरू होतं. घरात आपण एकटेच आहोत हे पुरतं कळायच्या आत माणूस घराबाहेर पडतो, एवढ्याच हिशेबानं तिनं ते धरलं होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी शाळेच्या बाईंनी मुलांची नावं पाठवली. प्रत्येक मूल आपला पाव आपणच करणार होतं, तेव्हा कुठला साचा कुणाचा हे कळायला हवं. मावशी दुपारी चहाचा कप शेजारी ठेवून कागदाच्या पट्ट्यांवर नावं लिहायला बसली. अठरा पट्ट्या झाल्या. एकोणिसाव्या नावापाशी पेन थांबलं.

ते नाव तिनंच सुचवलं होतं. पुढचं आडनाव तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं.

बाळंतपणानंतर तीन महिन्यांत धाकटीनं अंथरूण धरलं. छातीचं दुखणं, लांबचं इस्पितळ, आणि बाळाला जवळ न्यायची बंदी. मावशीनं बाळ उचललं आणि घरी आणलं. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं सगळे म्हणत होते. त्याची जवळजवळ चार वर्षं झाली. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला ताप, सगळं मावशीच्या मांडीवर झालं. पहिला शब्दही. तो शब्द होता 'आई', आणि तो मावशीकडे बघून आला होता. तिनं शंभरदा समजावलं, "मी मावशी गं, मावशी." पण पोर कसली ऐकते!

धाकटी खडखडीत बरी होऊन आली तेव्हा पोर तिच्याकडे जाईना. रडून रडून निळी पडायची. शेवटी धाकटी एकदा स्वयंपाकघरात हुंदका दाबत म्हणाली, "ताई, ती मला आई म्हणेपर्यंत तू येऊ नकोस. हात जोडते." ताईनं शब्द दिला. नवऱ्याची नोकरी लांबची, तिघं निघून गेली. सुरुवातीला दोघी बहिणींचे फोन व्हायचे. मग सणासुदीपुरते, मग तेही नाहीत. कोण कुणावर रागावलं होतं असं नाही. पोर आता धाकटीला आई म्हणते का, हे एकीला विचारायची भीती वाटत होती आणि दुसरीला सांगायची. गेल्या वर्षी ती मंडळी तासाभराच्या अंतरावर राहायला आली, हे मावशीला तिऱ्हाइताकडून कळलं.

तिनं एकोणिसावी पट्टी लिहिली. अक्षर वाकडं आलं म्हणून फाडली. पुन्हा लिहिली.

सकाळी नऊला बस आली आणि बेकरीत जणू पाखरांचा थवा शिरला. मावशी दारात उभी राहून एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होती. चार वर्षांत मूल किती बदलतं! गोबरे गाल जातात, दात पडतात, केस वाढतात. आपल्याला ओळखता येईल का, या विचारानं तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण ओळखायला काही लागलंच नाही. रांगेच्या शेवटी एक मुलगी बगळ्यासारखी एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायाचा अंगठा पोटरीवर घासत होती. भूक लागली, कंटाळा आला, कुणी नवीन माणूस दिसलं, की ती तेव्हाही अशीच उभी राहायची.

"मुलांनो, या मावशी. नमस्कार करा," बाई म्हणाल्या.

"नमस्ते मावशी!" चोवीस तोंडांतून एकदम आवाज आला. त्यात एक आवाज तिचाही होता. मावशीनं तो वेगळा काढायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

एप्रन बांधून झाले, हात धुऊन झाले. मावशीनं प्रत्येकापुढं मैद्याचा ढीग केला, मध्ये खळगा पाडला, त्यात कोमट पाणी आणि यीस्ट. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. कुणाच्या नाकाला पीठ, कुणाच्या कानाला. एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझं पीठ मला सोडतच नाही!"

"तू घाबरतोस हे त्याला कळलंय," मावशी म्हणाली. "तळव्यानं पुढं ढकल, दुमड, फिरव. बघ कसं वठणीवर येतं."

ती टेबलाभोवती फिरत होती. पण पाय तिला एकाच कोपऱ्याकडे ओढत होते, आणि ती मुद्दाम तिथं सगळ्यात शेवटी गेली. मुलगी जिभेचं टोक बाहेर काढून मळत होती.

"झालं का मावशी?"

"आपण त्यालाच विचारू." मावशीनं लिंबाएवढा गोळा तोडला आणि हळूहळू ताणून त्याचा पातळ पडदा केला. "उजेडाकडे धर. फाटला नाही आणि पलीकडचं दिसलं, तर झालं."

मुलीनं तो पडदा खिडकीसमोर धरला. "मला तुम्ही दिसताय!" ती ओरडली. "पण अंधुक."

मावशीनं मान डोलावली.

पीठ फुगायला ओल्या फडक्याखाली ठेवलं. त्या तासाभरात मुलांनी गोदाम पाहिलं, मैद्याच्या पोत्याबरोबर स्वतःला तोलून घेतलं. मालक लांब राहणार होते, पण भट्टीत किती उष्णता असते हे सांगता सांगता असे रंगले की त्यांना थांबवावं लागलं. मावशी पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला उभी होती, तेव्हा बाई तिच्याशेजारी आल्या.

"त्या मुलीची सहल हुकतच होती," त्यांनी कोपऱ्यातल्या मुलीकडे बोट दाखवलं. "परवानगीच्या कागदावर तिच्या आईची सही येईना. तीनदा मागितली. दुसरी कुठली बेकरी नाही का, असंही त्या विचारत होत्या. काल सकाळी एकदाचा कागद आला."

मावशीनं ग्लास खाली ठेवला. कागदावर बेकरीचं नाव होतं. ताई कुठं काम करते हे धाकटीला ठाऊक होतं. म्हणजे पोर इथं चुकून आली नव्हती. तिला पाठवलं होतं. स्वतः यायचं धाडस झालं नाही, म्हणून सही करून पाठवलं होतं.

पीठ दुप्पट झालं. मुलं गोळे वळायला लागली. कोपऱ्यातली मुलगी आपला गोळा साच्यात ठेवून त्याला हलकेच थोपटत होती आणि पुटपुटत होती,

"उशी गं उशी, कुणाच्या कुशी,
डोळे मिटून हसतंय कोण?"

मावशी तिच्याजवळ गेली. हे गाणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. एका तापाच्या रात्री तिनंच ते जोडलं होतं.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"आईनं. ती मला झोपवताना म्हणायची. आता मी मोठी झाले. आता मीच म्हणते." मुलगी थोपटतच राहिली. "आईला तिच्या ताईनं शिकवलं. ती माझी खरीखुरी मावशी आहे, तुमच्यासारखी सगळ्यांची नाही."

"असं का? कुठं असते ती?"

"माहीत नाही. मी लहान होते तेव्हा तिच्याकडेच राहायचे. मला आठवत नाही. आई म्हणते, तिनं मला फार जपलं. आपण जाऊ एकदा, असं पण म्हणते, पण जातच नाही."

मावशीच्या मनात आलं, आत्ता सांगावं. एका वाक्याचं काम होतं. पण चार वर्षं पाळलेला शब्द जिभेवर बसून होता. शिवाय पोरीला काहीच आठवत नव्हतं. तो चेहरा, ती मांडी, तो पहिला शब्द, सगळं एकट्या मावशीकडेच शिल्लक होतं. तिला वाटलं होतं, पोर आपल्याला विसरली तर धाकटीनं पुसून टाकलं म्हणून विसरेल. पण धाकटीनं पुसलं नव्हतं. रोज रात्री ती ताईचंच गाणं म्हणत होती.

"पुढचं येतं का?" मावशीनं विचारलं.

"पुढचं आहे? आईला एवढंच येतं."

मावशी खाली वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली,

"निजली म्हणून सोडून आले,
पाहते तर डोळे दोन!"

मुलगी खुदकन हसली. "पुन्हा म्हणा!" तीनदा म्हणून घेतलं तेव्हा सोडलं. हे तुम्हाला कसं येतं, असं मात्र तिनं विचारलं नाही. मोठ्या माणसांना सगळंच येतं, अशी त्या वयात खात्री असते.

पाव भाजून निघाले. मावशीनं मुलांना पाव उलटा करून बोटानं वाजवायला शिकवलं. पोकळ आवाज आला म्हणजे आतून शिजला. मग बेकरीभर टकटक, टकटक. एकच्या ठोक्याला बस गेली. मागच्या काचेतून बरेच हात हलत होते. त्यातला तिचा कोणता, ते मावशीला दिसलं नाही. ती टेबल खरवडायला लागली आणि बराच वेळ खरवडत राहिली.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. पलीकडून आधी कुणी बोललंच नाही.

"बोल," मावशी म्हणाली.

"ताई," धाकटीचा आवाज घोगरा होता. "ती आल्यापासून पुढच्या दोन ओळी म्हणतेय. मी चार वर्षं आठवत होते गं त्या."

"फोन करून विचारायचंस."

"विचारलं असतं, तर तू आली असतीस. मग ती पुन्हा तुझी झाली असती." धाकटीनं हलकेच विचारलं, "मी वाईट आहे का गं?"

"आई आहेस," मावशी म्हणाली. "तिनं मला ओळखलं नाही. तू आता भिऊ नकोस."

पलीकडे धाकटी रडत होती. मावशीनं तिला रडू दिलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जे गेलं ते गेलं, तो एक शब्द तिच्याकडे पुन्हा येणार नव्हता, हे तिला दुपारी टेबल खरवडतानाच कळून चुकलं होतं.

"रविवारी येशील?" धाकटीनं विचारलं. "मी तिला आत्ताच सगळं सांगितलंय. ती इथंच उभी आहे, फोन ओढतेय."

खुडबुड झाली, श्वास ऐकू आला.

"तुम्ही माझी खरीखुरी मावशी आहात?" मुलीनं विचारलं.

"हो."

"मग मला आधी एक सांगा. पाव उद्यापर्यंत कडक होतो, असं बाई म्हणाल्या. का होतो? त्यातलं पाणी कुठं जातं?"

मावशी भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.