दोन काठ्यांचा तंबू

मुंबईची माणसं पंखा, पलंग, मच्छरदाणी घरी सोडून शहापुराकडे येतात आणि पैसे मोजून जमिनीवर झोपतात, हे काशीला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला विळा खाली ठेवावा लागला. ती जन्मभर जमिनीवरच झोपत आली होती. त्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

यंदा मात्र हसून चालणार नव्हतं. सापगावच्या शेखरने मुरबाड रस्त्याजवळच्या आपल्या वरकस माळावर, जिथे दगड सोडून काही पिकलं नाही, शहरातल्या कुटुंबांसाठी तंबू लावायचं ठरवलं होतं. तंबू उभारायला, काढायला, वाळवायला माणूस लागला तर ते काम पावसाळ्यापर्यंत काशीला देईन, असा शब्द त्याने दिला होता.

"पण टेंट कसला मिळतो त्यावर हाय गो काशी," तो म्हणाला होता. "सोप्पा मिळाला तं पाव्हणे आपले आपणच उभा करतील. मंग माणूस कशाला?"

काशीचं घर गावाबाहेरच्या वाडीत. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात. काशी आणि तिचा नवरा यमाजीही पोरांना घेऊन जायचे. थोरली पोर आठवीत असताना अशीच भट्टीवर गेली, ती परत शाळेत बसलीच नाही. धाकटी रेश्मा यंदा दहावीला होती. माळावरचं काम मिळालं तर यमाजी एकटा जाणार आणि मायलेकी वाडीत राहणार, असं घरात ठरलं होतं. तेव्हा जगातला सगळ्यात अवघड तंबू निवडून यावा, एवढीच काशीची इच्छा होती.

आणि देवाने हेमंतला धाडलं.

हेमंत हा शेखरचा मेहुणा, ठाण्याला ऑफिसात कामाला. रानात राहायचं कसं, ते तो रोज ट्रेनमध्ये मोबाईलवर शिकत होता. त्याने पसंतीला म्हणून तीन तंबू आणले होते. नाही पटले तर दुकानदार परत घेणार होता. काशी माळावर गवत कापायचं निमित्त करून बसली होती.

पहिला तंबू फेकला की आपोआप उघडायचा. हेमंतने फेकला, तो उघडला आणि शेखरच्या नाकावर बसला. इथवर ठीक होतं. पण घडी घालायची वेळ आली तेव्हा दोघे बाप्ये त्या कापडाशी अर्धा तास झटले आणि शेवटी त्याच्यावर चढून बसले. काशीने पदर तोंडात धरला.

दुसरा म्हणजे तीन खोल्यांचा महाल. खिडक्या, पडदे, अकरा काठ्या. "साडेचार स्टार हायेत याला, भावोजी!" हेमंत म्हणाला. कुठली काठी कुठे जाते ते तो मोबाईलमध्ये बघत होता आणि मोबाईलला रेंज नव्हती. एक बाजू उभी राहिली की दुसरी बसायची. तासाभराने हेमंत म्हणाला की इथली जमीनच बरोबर नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!

काशी मनातून खूश होती. हा महाल उभारायला दरवेळी चार माणसं लागतील. तिसरं गाठोडं हेमंतने सोडलंसुद्धा नव्हतं. "दोनच काठ्या. यात काय फॅमिली राहील?" म्हणून त्याने ते बाजूला टाकलं होतं. काशीने मात्र येता-जाता चाचपून पाहिलं होतं. तळाचं कापड जाड, शिवण दुहेरी, आत पाचसहा माणसं ऐसपैस झोपतील एवढा पसारा आणि काठी वाकवली तरी कुरकुरत नव्हती. माल चोख होता. पण तिला विचारलंय कोणी? गप्प बसायचं, की रेश्माची दहावी झाली.

ती गप्प बसली. हेमंतने खुंट्या सरळ ठोकल्या, गप्प बसली. दोऱ्या ढिल्या ठेवल्या, गप्प बसली. मग माहुलीच्या डोंगराकडून वारा आला आणि शेखरची बायको संगीता चहा घेऊन येत होती, तिच्या पायाशी महाल येऊन निजला.

हेमंतने घाम पुसला आणि गवतात बसलेल्या काशीकडे वळून म्हणाला, "हसू नको गो काशी. हे टेक्निकल असतं. तुमच्या खोपीसारखं नाय, काटक्या रोवल्या की झालं."

झालं! वीस वर्षं दर सालाला भट्टीवर काशी खोप बांधत आली होती, आणि तिची खोप एकदाही पडली नव्हती. ती उठली, तिसरं गाठोडं सोडलं. वाऱ्याला पाठ दिली, उंचवटा धरला, कापड अंथरलं, दोन काठ्या एकमेकींवरून ओवून वाकवल्या. खुंट्या दगडाने ठोकल्या, डोकी बाहेर कललेली. हेमंतचा चहा निवायच्या आत तंबू उभा होता. शेखरने वरून दोन बादल्या पाणी ओतलं. आतलं कापड कोरडं ठक्क.

"मला जमंल?" संगीताने विचारलं. तिने तो काढला, परत उभा केला. तिलाही जमलं.

हेमंतचं तोंड पाहून काशीला इतकं बरं वाटलं की काय सांगावं! ते बरं वाटणं शेखर बोलेपर्यंत टिकलं.

"ठरलं. हेच दहा घेऊ," शेखर म्हणाला. "बायामाणसाला एकटीला जमतंय, मंग पाव्हण्यांना नाय जमणार?"

"आन माझं काम?"

"आता काम कसलं गो? तूच तं दाखवलंस."

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडला होता, आणि तो पाडतानासुद्धा ती ऐटीत होती. स्वतःचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

"जाऊ नको," शेखर म्हणाला. "एकदा परत उभा कर, सावकाश. मोबाईलवर घेतो. पाव्हण्यांना धाडला की तेच बघून करतील."

काशीने काठ्या उचलल्या. एक खुंटी सरळ ठोकावी, एक काठी उलटी घालावी, म्हणजे व्हिडिओ नासेल, असं तिच्या मनात आलं. पण हातांना चुकीचं करता येईना. तंबू पहिल्यापेक्षा ताठ उभा राहिला.

"एकदम इझी वाटतं बघा," हेमंत म्हणाला.

"भट्टीवरनं आलीस का ये," शेखर म्हणाला. "धुवाचं काम निघंल."

"दहावीची परीक्षा भट्टीच्याच दिवसांत आसते," काशी म्हणाली.

"कोणाची?" शेखरने मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं.

"कोणाची नाय," काशी म्हणाली आणि खुंट्या उपटायला बसली, कारण तंबू काढतानाचा व्हिडिओ अजून घ्यायचा होता.