टाकीजवळच्या वळणापर्यंत

आमची गाडी लाकडाची आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, खेळण्यातली का? नाही. इंजिन, चाकं आणि पुढचं नाक लोखंडाचं. पण पुढच्या काचेमागचं सगळं अंग लाकडी. फिकट लाकडाची चौकट, तिच्यात बसवलेल्या गडद फळ्या, आणि पाठीमागे आडव्या दोन झडपांचं दार, एक वर उघडतं, एक खाली. चाकांवर ठेवलेलं कपाट म्हटलंत तरी आमची हरकत नाही. बाबांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी झाली होती, आणि घेतली ती त्या मागच्या दारासाठी. बाबांचा धंदा आरशांचा. माणसाएवढा आरसा लांब बाजूवर उभा करून नेता येईल अशी दुसरी गाडी त्यांना मिळाली नव्हती.

शहरात बाबांच्या दोन गोष्टींचं फार कौतुक होतं. त्यांच्या गाडीतून आलेला आरसा कधी तडकत नाही, ही एक. आणि ते गाडी फार जपून चालवतात, ही दुसरी. इतकी जपून की शाळेतून घरी जाणारी पोरं चालत पुढे निघून जायची. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे माणसाला.

शिस्त कसली, त्यांना अंदाजच यायचा नाही. माझ्या जन्माआधी काच कापताना एक कपची उडून त्यांच्या डोळ्यात गेली होती. डोळा दिसायला धड राहिला, कामातून मात्र गेला. उरलेल्या एका डोळ्याला लांब काय आणि जवळ काय ते नीट कळायचं नाही. चहाचा कप ठेवायच्या आधी ते बोटानं टेबल चाचपायचे. पण आरसे विकणाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल? म्हणून ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नाही.

तेव्हा आरशांच्या कारखान्यापासून शहरापर्यंतचा सगळा रस्ता, खड्डे, चढ, अरुंद पूल, समोरून अंगावर येणारे ट्रक, सगळ्यांतून गाडी आणायची आई. ती बुटकी, पाय पेडलपर्यंत पोचेनात. तिनं आरशाच्या चौकटींच्या तुकड्यांतून तीन ठोकळे केले आणि चामडी पट्टे लावून ते पेडलवर बांधले. शहराच्या अलीकडे पाण्याची टाकी आहे आणि टाकीजवळ एक वळण. वळणापलीकडे घरं दिसायला लागतात, म्हणजे घरांनाही आपण दिसायला लागतो. तिथे आई गाडी थांबवायची. पट्ट्यांची बक्कलं सोडायची, ठोकळे सीटखाली सारायची, आणि दोघं गाडीच्या नाकाला वळसा घालून एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. बाबा टोपी चढवायचे. आई केस सारखे करून हात मांडीवर ठेवायची, जणू एवढा वेळ तिनं तेवढंच केलंय.

मागे मी आणि माझा मोठा भाऊ आरशाच्या दोन बाजूंना बसून तो धरायचो. कुणाला सांगू नका असं आम्हाला कुणी कधी बजावलं नाही. तापलेल्या तव्याला हात लावायचा नाही हे जसं पोराला कळतं, तसं ते कळत गेलं.

पुढे टेम्पो आले आणि गाडी दुकानामागे पडून राहिली. बाबा गेले. दादानं दुकानाची मोठी शोरूम केली आणि मागची जागा मोकळी करायला काढली. फळ्या जळणाला होतील, बाकीचं भंगारात जाईल, असा त्याचा हिशेब होता. मी ती ओढून माझ्या शेडमध्ये आणली. तेव्हा मला लाकूडकामातलं ओ की ठो येत नव्हतं. वाचनालयातली पुस्तकं वाचली, आणि त्याहून जास्त लाकूड वाया घालवून शिकले. चौकटीचा खालचा भाग कुजला होता, तो कापून नवा जोडला. पुढची दोन्ही दारं मी इतकी घट्ट बसवली की स्वतःवरच खूश झाले. मग हवा दमट झाली, लाकूड फुगलं आणि दारं उघडेचनात. महिनाभर मी मागच्या झडपेतून गुडघ्यांवर रांगत स्टिअरिंगपर्यंत जात होते. माझ्या वयाच्या बाईला शोभणारं ते दृश्य नव्हतं. मग शिकले, लाकडाला अंग सैल सोडायला जागा ठेवावी लागते.

सीटखाली ठोकळे तसेच होते. चामड्याचे पट्टे हात लावताच बिस्किटासारखे तुटले, ते नवे केले. लाकडाला मात्र रंधाही लावला नाही आणि वॉर्निशही. त्यावर आईच्या चपलेनं खळगा पडला होता. माझी उंची आईवर गेलेली, तेव्हा पाय बरोबर त्या खळग्यातच बसला.

गाडी चालू झाल्याची खबर दादाला लागली तशी त्याला ती आपली वाटायला लागली. व्यापारी संघ जुन्या गाड्यांची मिरवणूक काढणार होता. त्यात आपली गाडी सगळ्यांत पुढे, असं त्यानं ठरवूनही टाकलं. नाकावर लावायचा फलक रंगवून आणला: ‘आमच्या संस्थापकांची गाडी. आयुष्यभर त्यांनी स्वतः चालवली. एकही आरसा तडकला नाही.’

मी फलक वाचला आणि विचारलं, कुणी चालवली म्हणालास?

दादा म्हणाला, सुरू होऊ नकोस. मी म्हटलं, फलकावर आईचं नाव येत नाही तोवर गाडी शेडच्या बाहेर येणार नाही, किल्ली माझ्याकडे आहे. तो म्हणाला की पेडलवरचे ते ओंडके आधी काढ, मिरवणुकीत बक्षिसं आहेत, परीक्षक मूळचं काय आणि नंतरचं काय ते बघतात. शिवाय ते असताना त्याचे गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकतात. मी म्हटलं, गुडघे अडकतात कारण ती तुझी जागा नाही. त्यानं फलक भिंतीला टेकवला. मग म्हणाला,

“बाबांनी जन्मभर जे झाकलं, ते तू चौकात उघडं करणार? आंधळा होता म्हणून सांगणार लोकांना?”

दादाला फक्त मिरवायचं होतं असं म्हणणं सोपं आहे. पण शेवटच्या आजारात बाबांचा हात धरून कपापर्यंत नेणारा तोच होता.

तरी मी अडून बसले. किल्ली द्यायची नाही म्हणजे नाही. तेव्हा त्यानं आईला पुढे केलं.

आई त्याच्याकडेच राहते. ऐंशीला टेकली आहे, चष्मा आहे, पण लायसन्स अजून चालू आहे. बाबा गेल्यावर घेतलेली तिची छोटी गाडी होती, भाजीला, मैत्रिणींकडे स्वतः जायची. दोन वर्षांपूर्वी दादानं काळजीपोटी किल्ली काढून घेतली. लाकडी गाडीचं काम चालू असताना ती कधी शेडमध्ये आली नव्हती, त्या दिवशी आली. फळ्यांवरून हात फिरवला, आणि वॉर्निश जरा जास्तच चकाकतंय, असा शेरा मारला. मग ठोकळ्यांकडे बघत म्हणाली, जाऊ दे. दे त्याला गाडी.

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्यासाठीच भांडतेय मी, आणि तू मलाच खाली पाडतेस.

ती म्हणाली की वळणावर जागा बदलायची कल्पना बाबांची नव्हतीच, तिची होती. बाबा तर म्हणाले होते, काय व्हायचं ते होऊ दे, तूच आण दुकानापर्यंत. पण त्यांचा चेहरा तिला बघवला नाही. “माझं मी दिलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “ते तू परत कशाला मागतेस?”

मी हरले. पण पुरती नाही. गाडी टाकीजवळच्या वळणापर्यंत मी आणणार, पुढे मिरवणुकीत दादा चालवेल, असं ठरवून घेतलं. ठोकळे मी काढणार नव्हते. काढायचे तर त्यानं माझ्यादेखत वाकून काढावेत.

मिरवणुकीच्या सकाळी आई माझ्या शेजारी बसली. मागे दुकानातला एक मोठा आरसा पांघरुणांत बांधून ठेवला होता, दादाचीच हौस. रस्ताभर आईचे हात मांडीवर होते. चढाला मी गिअर बदलायला उशीर केला तेव्हा फक्त तिचा डावा पाय हलला, समोर पेडल नसताना.

वळणावर दादा उभा होता. काखेत फलक, आणि डोक्यावर बाबांची टोपी.

मी गाडी थांबवली. त्यानं फलक नाकावर अडकवला, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाला, उतर, आता मी घेतो. बक्कलांना हात लावायचा नाही असं ठरवलेली मी, सवयीनं खाली वाकले. लहानपणापासून बघत आले होते, इथे थांबायचं आणि ठोकळे काढायचे.

“राहू दे ते,” आई म्हणाली.

ती दाराला धरून सावकाश उतरली. गाडीच्या नाकाला वळसा घालून, जिथून पूर्वी बाबा यायचे तिथून, माझ्या दाराशी आली आणि मला म्हणाली, सरक तिकडे.

दादा म्हणाला, “आई, अगं, पुढे सगळे लोक उभे आहेत.”

“म्हणूनच.”

“तूच म्हणाली होतीस ना, बाबांचं...”

“ते होते तोवर मी इथे उतरत होते. त्यांच्यासाठी. आता कुणासाठी उतरू? तुझ्यासाठी?”

दादानं टोपी काढली. तुला गाडी चालवून दोन वर्षं झाली, असं काहीतरी तो हळू आवाजात पुटपुटला.

“किल्ली घेतलीस तू,” आई सीटवर बसत म्हणाली. “चालवणं नाही घेतलंस. जा, मागे बस आणि आरसा धर.”

पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ, एका शोरूमचा मालक, मागच्या झडपेतून वाकून आत शिरला. मी शेजारच्या सीटवर सरकले आणि हँडब्रेकवर हात ठेवला. आईनं तो हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. तिचे पाय न बघता खळग्यांत जाऊन बसले.

मी विचारलं, निदान तो फलक तरी काढू का?

“कशाला? वाचू देत. वाचून झालं की वर बघतीलच.”

आणि तिनं गाडी सोडली. बाबांच्या चालीनं नाही. त्या शहरानं ती गाडी इतकी वर्षं सरपटताना पाहिली होती, ती पळते हे त्याला त्या सकाळी कळलं. वळण तिनं असं घेतलं की आरशाला हिसका बसला नाही. कोपऱ्यावरचा म्हातारा न्हावी दुकानाच्या दारात आला. तो बाबांच्या वयाचा, आयुष्यभर बाबांच्या शिस्तीचे दाखले देत आलेला. त्यानं ओठ हलवत फलक वाचला. वर बघितलं. पुन्हा फलक वाचला.

आईनं त्याच्याकडे बघून भोंगा वाजवला, चांगला लांब.

मागून दादा म्हणाला, “आई, हळू. आरसा आहे.”

“मग धर की नीट,” ती म्हणाली, आणि पुढचा गिअर टाकला.