मी घरोघरी जाणारा सूक्ष्मदर्शक

मी एक सूक्ष्मदर्शक. मोठ्या प्रयोगशाळांतून मिरवतात, त्यांतला नव्हे. मला विजेचा दिवासुद्धा नाही. तळाशी एक गोल आरसा आहे. तो खिडकीकडे वळवायचा आणि बाहेरचा उजेड उसना घ्यायचा. एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि लाकडी पेटीत बसून मी एका विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात दाखल झालो. रोज कॉलेजात जाणं ज्यांना जमत नाही, त्यांनाही वनस्पतिशास्त्राची पदवी घेता यावी, म्हणून केंद्रातून मला सत्रभरासाठी घरी देत असत.

मी बरीच घरं पाहिली. एका परिचारिकेने मला कपाटावर ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं, तेवढंच. एका पहारेकऱ्याने मात्र साखर, माती, स्वतःच्या मिशीचा केस, हाती लागेल ते पाहून घेतलं आणि परीक्षेला तो बसलाच नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याची त्याची तऱ्हा.

मग मी तिच्याकडे गेलो. ती घरीच शिवणकाम करायची. नवरा मालवाहू ट्रकवर. तो घरी यायचा तोच झोपायला. सासरे अंथरुणाला खिळलेले. शिलाईमशीनचा आवाज सोडला तर त्या घरात बोलणं असं नव्हतंच. जेवलात का, औषध घेतलंत का, संपलं.

खिडकी मशीनपाशी होती, म्हणून कापड बाजूला सारून तिने मला तिथेच जागा केली. पहिल्या दिवशी कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरला, डोळा लावला आणि बराच वेळ ती हललीच नाही. मग मला उचलून सासऱ्यांच्या खिडकीपाशी नेलं, त्यांना उशीला टेकवून बसवलं. सासरे आयुष्यभर गवंडीकाम केलेले. एक डोळा मिटून त्यांनी आत पाहिलं.

"अगं, हे तर बांधकाम आहे," ते म्हणाले. "सांधे बघ कसे बसवलेत."

त्या दिवसापासून घराला बोलायला विषय मिळाला. ती शेवाळ आणायची, देठाच्या पातळ चकत्या कापायची. शिवणाऱ्या बाईचा हात तो, पातं सफाईने चालायचं. सासरे सकाळपासून वाट पाहायचे. गिऱ्हाईक कपड्यांसाठी खोळंबलं तर तेच आतून ओरडून सांगायचे, की सूनबाई अभ्यासाला बसली आहे.

दर सत्राला ती माझी मुदत वाढवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी ती मला घेऊन केंद्रात प्रात्यक्षिकाला गेली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. खडू हातात फिरवत त्या सांगत राहिल्या. विद्यापीठाचं अनुदान कापलं होतं. उपकरणं, त्यांची दुरुस्ती, प्रात्यक्षिकं घेणारी माणसं, हे आता परवडत नव्हतं. नुसत्या पुस्तकावर भागेल असेच विषय दूरशिक्षणात राहणार: वाणिज्य, नाहीतर कार्यालय व्यवस्थापन. वनस्पतिशास्त्रच हवं असेल, तर शहरात राहून रोज मुख्य महाविद्यालयात जायचं. कुणीतरी विचारलं, मग आम्ही काय घ्यावं? बाई म्हणाल्या, मला विचारू नका.

घरी तिने जेवणं झाल्यावर सगळं सांगितलं. सासरे म्हणाले, "मला लेकीकडे पोचव. तू जा."

"तिकडे तुम्ही बोलाल कुणाशी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. लेकीच्या घरी सगळे सकाळी कामावर जात, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोनचार दिवस तिने काचेवर काहीच ठेवलं नाही. मग वाणिज्य घेतल्याचं सांगून टाकलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट करून एवढंच विचारलं, "मग हा जाणार?"

ती हो म्हणाली. परत देण्याआधी तिने माझ्या पेटीला आतून मऊ कापडाचं अस्तर शिवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी केंद्राच्या कपाटात आहे. बाईंची बदली झाली. त्याच खोलीत आता वाणिज्याचे वर्ग भरतात आणि मला सगळं ऐकू येतं. तिचा आवाजही यायचा. बाकावरच्या शेजारणीने एकदा तिला विचारलं, विषय का बदललास?

"झेपत नव्हता मला," ती म्हणाली. "नुसता डोळ्यांना ताप."

मला राग आला नाही. गेलेल्या गोष्टीला नकोच होती म्हटलं, की ओझं थोडं हलकं होत असावं. पुढे एकदा ती म्हणाली, हल्ली घरी कुणी नसतं, अभ्यासाला वेळच वेळ मिळतो. सासऱ्यांचं नावही काढलं नाही तिने. मी मात्र समजलो. आता ती शहरात जाऊ शकली असती. पण एव्हाना ती वाणिज्याच्या शेवटच्या वर्षाला होती. चांगल्या गुणांनी पास झाली, एका कार्यालयात लागली. छान झालं. त्यानंतर तो आवाज आला नाही.

कपाटात ओल आहे. माझ्या भिंगावर बुरशी धरू लागली आहे. बुरशीचं जाळं फार देखणं असतं, मी ते कितीजणांना दाखवलं आहे. पण स्वतःच्या भिंगावरचं मला दिसत नाही, त्यासाठी दुसरा सूक्ष्मदर्शक लागतो. कधी कुणी ही पेटी उघडलीच, तर भिंग जरूर पुसा. फक्त पुसण्याआधी एकदा, उजेडात धरून, नीट बघा.