शिळं स्वप्न

आमच्या घरात सकाळी "झोप लागली का" असं कुणी विचारत नाही. "काय दिसलं?" असं विचारतात. आई फडक्याच्या गाळणीतून कॉफी गाळत पाठमोरी उभी असते आणि आपण डोळे चोळत आत आलो की प्रश्न येतो. स्वप्न कॉफीच्या आधी सांगायचं, तोंडात काही गेलं की ते विरतं. मग आई त्यातून जनावर काढते. पाणी दिसलं तर मगर. मेलेलं माणूस दिसलं तर हत्ती. शेजारच्या क्लेउझाच्या स्वप्नात एकदा तिचा नवरा आला होता.

"गाढव," आईने लगेच सांगितलं.

"अगं, हसत होता तो."

"मग हसरं गाढव."

जनावर ठरलं की आई कोपऱ्यावर वाल्देसीकाकांकडे जाऊन त्याच्यावर थोडी चिल्लर लावायची. बदामाच्या झाडाखाली काकांची प्लॅस्टिकची खुर्ची असते. पंचवीस जनावरांचा हा जुगार सरकारला मान्य नाही, पण काकांनी कुणाचा पैसा बुडवल्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. दुपारी एका जनावराची चिठ्ठी निघते आणि निकालाचा कागद खांबावर लागतो. साऱ्या गल्लीला एकच जनावर. हरलो तर सगळे मिळून हरतो आणि काकांना मिळून शिव्या घालतो.

एक नियम मात्र पक्का. रचलेलं स्वप्न सांगायचं नाही. खोट्या स्वप्नातून जनावर येत नाही, आणि पुढची खरी स्वप्नंही नासतात. लहानपणी मला काही दिसलं नाही तर मी खाली मान घालून "काही नाही" म्हणायचे. आई म्हणायची, "काही नाही हेसुद्धा खरंच असतं," आणि माझ्या पावाला जास्तीचं लोणी लावायची.

माझ्या मुलीला, एलोआला, मला फार काही देता येणार नाही. ह्या सकाळी मात्र द्यायच्या होत्या.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे शाळेतून आल्यावर एलो आईजवळ. आईच्या फोनवर तिने एक खेळ घेतला. त्यात एक जंगल आहे आणि जंगलात ठेवायची जनावरं पेट्यांतून निघतात. कुठल्या पेटीत काय, ते आधी कळत नाही. पेटी विकत घ्यायची, ती थरथरते, तिच्यातून उजेड येतो आणि जनावर बाहेर पडतं. बहुतेक वेळा डुक्कर नाही तर टर्की. एलोला हवं होतं निळं फुलपाखरू.

आईने चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, हा तर आपलाच खेळ."

तिथेच सगळं चुकलं. जनावरं दिसली, पैसे लावायचे दिसले, आणि आईने उरलेलं आपल्या मनाने भरून टाकलं. फोनच्या आत कुठेतरी एक वाल्देसी बसलाय, तो सगळ्यांसाठी एकदाच चिठ्ठी काढतो, आणि ज्याला स्वप्नात दिसलं त्याला ते आज ना उद्या मिळतं. ती सकाळी एलोला विचारू लागली, "काय दिसलं गं?" एलोला खरंच एकदा फुलपाखरू दिसलं होतं, दारावरच्या घंटेवर बसलेलं. त्या दिवसापासून आजी-नातीची पेटी सुरू झाली.

कॉफी गार होऊ देऊन दोघी फोनवर वाकायच्या. पेटी थरथरायची, फटीतून एक निळा पंख डोकावायचा. मग डुक्कर.

"पंख बघितलास?" आई मला म्हणाली. "शेजारून गेलं. उद्या आपल्याकडे."

"आई, तो पंख सगळ्यांना दाखवतात. मुद्दाम."

"सगळ्यांना कसा दाखवतील? चिठ्ठी एकदाच निघते ना?"

"चिठ्ठी निघतच नाही. प्रत्येकाला वेगळं काढून देतं ते यंत्र."

"आणि निकाल? खांबावर कोण लावतं?"

"कुणी नाही."

आई गाळणी धुवत राहिली. मला वाटलं, शिरलं डोक्यात. मग ती म्हणाली, "कुठेतरी लावत असतील. तुला माहीत नसेल."

रविवारची कोंबडी बंद झाली. "उन्हाळ्यात पचत नाही," आई म्हणाली. मी तिच्या फोनमधून बँकेचं कार्ड काढून टाकलं, तर क्लेउझाच्या मुलाकडून तिने ते परत घालून घेतलं. पेन्शन तिची, फोन तिचा. मी ओरडले तर एलो रडायची आणि मग आई माझ्याशी बोलायची नाही.

मग नवा कायदा आला. लहान मुलांना असल्या पेट्या विकायच्या नाहीत. दुकानात बातमी ऐकली तेव्हा मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायचे विसरले, इतकी हलकी झाले. घरी आले तर आई आरशासमोर लिपस्टिक लावत होती.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. खेळ चेहरा दाखवा म्हणतोय. वय बघायचंय त्याला."

तिने फोन समोर धरला, हनुवटी उचलली. पडद्यावर आईच्या नावाची अक्षरं नाचली. नेउझा, जंगलात तुमचं स्वागत आहे. एलोने टाळ्या वाजवल्या. आईला आयुष्यात कुणी इतक्या आदराने वय विचारलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

एकच माणूस उरला होता. वाल्देसीकाका लोकांना परत पाठवायचे. कुणी एकाच जनावराच्या मागे लागलं की चिठ्ठी फाडायचं थांबवून म्हणायचे, "शिळं झालं तुमचं स्वप्न. घरी जा, नवीन बघून या." माझे वडील गेले तेव्हा आई रोज हत्ती लावायला जायची. काकांनीच तिला थांबवलं होतं, आणि तिने ऐकलं होतं.

मी काकांच्या पाया पडायचीच बाकी होते. ते आमच्या दारात आले, टोपी हातात घेऊन.

"नेउझाबाई, फुलपाखरू शिळं झालंय. सोडा आता."

आईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमचा धंदा बसला, वाल्देसी. म्हणून पोटात दुखतंय."

काकांनी टोपी घातली. त्यांच्या खुर्चीजवळ हल्ली खरंच कुणी नसतं. जो तो आपापल्या फोनमध्ये मान घालून जातो. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले.

"पूर्वी ऐकायची माझं," ते म्हणाले, "कारण दुसऱ्या दिवशीही मी तिथेच बसलेला असायचो. तिला तोंड दाखवायला लागायचं मला. त्या फोनवाल्याला कुणाला तोंड दाखवायचंय?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेसाठी एलोच्या वेण्या घालत होते. त्याच सकाळी तिने पुन्हा फुलपाखरू सांगितलं होतं, आणि पुन्हा डुक्कर निघालं होतं. तिचे खांदे ताठ होते.

"एलो, रोज फुलपाखरूच दिसतं?"

तिने रिबिनीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग अगदी हळू म्हणाली, "नाही. पेटी दिसते. हलते नुसती."

"मग तसं सांग ना आजीला."

"आजी म्हणते, दिसलं तरच येणार." तिने माझा हात घट्ट धरला. "आई, मी खोटं सांगते म्हणून येत नाहीये का ते?"

मी तिला मांडीवर घेतलं. अर्धी वेणी सुटली. "तुझ्यामुळे काही होत नाही गं राणी. ती पेटी कुणाचं ऐकत नाही. तुझं खरं नाही, तुझं खोटं नाही. उद्या आजीला खरं सांग. मी असेन जवळ."

ती हो म्हणाली. माझ्या गळ्यात नाक खुपसून, मनापासून हो म्हणाली.

सकाळी मी उशिरा जायची परवानगी घेऊन तिच्या शेजारी बसले. कॉफीचा वास सुटला होता.

"काय दिसलं गं?" आईने विचारलं.

एलोने माझ्याकडे पाहिलं, मग आजीच्या पाठीकडे. "फुलपाखरू," ती म्हणाली.

मी तोंड उघडेपर्यंत आईने पेटीवर बोट ठेवलं होतं. पेटी थरथरली, पंख दिसला. दुसरा पंख दिसला. आणि ते निघालं, निळं, पडदाभर, गाणं वाजवत. आई मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली, एलोचे हात चुंबत राहिली. "माझी गुणाची पोर. तूच आणलंस."

गाणं संपलं. फुलपाखरू जंगलात एका फांदीवर बसलं आणि तिथेच हलत राहिलं. त्याच्या खाली नवी पेटी आली होती, सोनेरी, आणि तिच्या फटीत एक पट्ट्यापट्ट्यांचं शेपूट.

एलोने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत कालची भीती नव्हती. मला दिलासा दिल्यासारखी ती हसली. मग पाव कॉफीत बुडवत, आजीने विचारायच्या आतच म्हणाली, "आजी, उद्या मला वाघ दिसणार आहे."