तळव्यातला खिळा

मानमोडीचा ताप तांड्यात शिरला तो दसऱ्याच्या सुमाराला. त्या साली पावसानं आधीच दगा दिला होता. ज्वारी कणसावर येण्याआधीच वाळून गेली होती आणि माणसं अर्धपोटी होती. अशा अंगांना ताप झोंबला. पोहरादेवीच्या अलीकडच्या त्या वीस-बावीस घरांच्या तांड्यातून पंधरा दिवसांत अकरा माणसं गेली. सोनीबाईचा एकुलता एक लेक रूपला त्यांतलाच. पाठ दुखते म्हणून सकाळी आडवा झाला आणि चौथ्या दिवशी संपला. त्याला माती देऊन माणसं परत आली, तर त्याची बायको ललिता त्याच खाटेवर कण्हत पडली होती.

ललिता एकोणीस-वीस वर्षांची. तिच्या पोटात काही म्हणून ठरत नव्हतं. ज्वारीच्या कण्यांची पेज दिली की उलटून पडायची. ठरायचं ते एकच. कोमट पाण्यात अंडं फेटून त्यात गुळाचा खडा विरघळवायचा आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. अंडी देणारी कोंबडी एकच होती. बाकी सगळ्या घरांनी आपापल्या कोंबड्या आजाऱ्यांच्या रश्श्यासाठी केव्हाच कापल्या होत्या. सोनीबाईची राखी ठिपक्यांची कवडी तेवढी तांड्यात उरली होती.

आणि तीच कवडी एका सकाळी अंगणात एका पायावर उभी राहिली. दुसरा पाय टेकायची आणि चटका बसल्यासारखा वर उचलायची. त्या दिवशी अंडं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सोनीबाईनं तिला धरून पाय पाहिले. डावा पाय बोटांच्या मुळाशी लिंबाएवढा सुजला होता, हाताला गरम लागत होता. उजवाही थोडा फुगला होता. मुरगळला असेल असं समजून तिनं एरंडाचं पान गरम करून बांधलं, दोन दिवस शेकलं. सूज उतरायचं नाव घेईना. कवडीनं दाणे टिपणं सोडलं आणि पंख फुगवून कोपऱ्यात बसून राहिली.

शेजारची बेबीबाई तोंडाला पदर लावून दारातूनच म्हणाली, "सोनी, हे मानमोडीच हाय. आता कोंबड्याइलेबी लागून राह्यली. शिवेपल्याड नेऊन टाक तिले."

"तिच्याबिगर पोरीच्या पोटात काय घालू व मी?"

बेबीबाई पदर तसाच धरून माघारी फिरली. तिचे स्वतःचे दोन गेले होते.

सोनीबाई कवडीला काखेत घेऊन मदनसिंगच्या दाराशी गेली. मदनसिंगनं जन्मभर बैलांचे खूर तासले होते, नाल ठोकले होते. जनावराच्या पायाचं त्याच्याइतकं कोणाला कळत नसे. तापातून उठला होता, पण उभं राहायचं त्राण नव्हतं. भिंतीला टेकून तो उन्हात बसला होता.

"भौजी, कोंबडीचं मले काय समजते?" तो म्हणाला. मग कवडीच्या पायाकडे पाहून, "तळवा पाह्यला काय?"

"तळवा?"

"वरून वरूनच शेकून राह्यली तू. उलटी धर तिले."

सोनीबाईनं कवडीला उलटं धरलं. पायाला माती आणि विष्ठा थापली होती. तिनं थुंकी लावून पदरानं पुसलं. तळव्याच्या मधोमध, मसुरीएवढी, काळी टणक खपली होती. दुसऱ्या पायालाही तशीच, जरा लहान.

"हे पाह्य," मदनसिंग म्हणाला. "काटा गेला असन, नाईतं उंचावरून दगडावर उड्या मारल्या असन. वरून बुजलं अन् आत पिकलं. खपलीच्या आत पू वाळून त्याचा खिळा तयार झाला हाय. तो निघत नाई तोवर सूज उतरत नाई. निंबाचा पाला अन् मीठ टाकून पाणी कोमट कर. त्यात पाय भिजव, खपली मऊ होईस्तोर. मंग तिच्या भोवतानं काप अन् खिळा मुळातून काढ. हळद भर, बांधून टाक. एका टायमाले एकच पाय. दोन्ही उकलशीन तं तिले उभं राहता येणार नाई."

"तुमी काढून द्या नं."

त्यानं आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. ते पिंपळाच्या पानासारखे हलत होते. "या हातानं तिचा पायच कापीन मी," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

घरी येताना सोनीबाईला सगळं उमगलं. रूपला तापानं पडल्यापासून रोज संध्याकाळी कवडीला डाल्याखाली झाकायचं तिनं सोडूनच दिलं होतं. मांजराच्या भीतीनं कोंबडी कुडाच्या बाजूच्या दगडी गडग्यावर चढून बसायची आणि सकाळी तिथून खालच्या दगडांवर उडी टाकायची. गडग्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. दहा-बारा दिवस हे चाललं होतं आणि तिला दिसलं नव्हतं. त्या दिवसांत तिला काय दिसत होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं पाणी कोमट केलं. कवडीला जुन्या ओढणीत घट्ट गुंडाळून मांडीखाली धरलं आणि डावा पाय भांड्यात बुडवून बसली. आत ललिता बरळत होती. तिचा सासरा, सोनीबाईचा नवरा रामधन दारात बसून हे पाहत होता. लेक गेल्यापासून तो कोणाशी धड बोलला नव्हता.

"सुनेच्या पायाशी बसायचं सोडून कोंबडीचे पाय धुऊन राह्यली?" तो म्हणाला.

"सुनेचा ताप मले काढता येते काय? हे तं काढता येईन."

सुरीचं टोक तिनं चुलीत तापवलं. खपलीभोवती कापलं तेव्हा कवडी एकदाच ओरडली, मग मान टाकून गप्प झाली. मेली की काय, या धास्तीनं सोनीबाईचा हात थांबला. कवडीची छाती हलत होती. तिनं नखानं खपली उचलली. तिच्याबरोबर पिवळट, कडक, सरकीएवढा खिळा बाहेर आला आणि त्याच्या बुडाशी बाभळीच्या काट्याचं काळं टोक होतं. मागून रक्त आलं. तिनं हळद आणि जवसाचं तेल भरलं, चिंधी बांधली, कवडीला मऊ कडब्यावर ठेवलं आणि वरून डालं झाकलं.

दुसऱ्या दिवशी कवडीनं दाणा शिवला नाही. तिसऱ्या दिवशी ललिता कोणाला ओळखेनाशी झाली. ओठांवर काळे पापुद्रे धरले होते. दुपारी रामधन सुरी घेऊन डाल्याशी आला.

"आज रस्सा केला तं पोरीच्या पोटात काई जाईन. उद्या हेबी मेली तं दोन्हीबी गेल्या."

"एक दिवस थांबा. चिंधी सोडून पाह्यली मी. घाण येणं बंद झालं."

"रूपल्याच्या टायमालेबी तू हेच म्हणे. उद्या उतरन, उद्या उतरन."

सोनीबाई डालं पोटाशी धरून बसली. तो खरं बोलत होता आणि या कोंबडीवाचून तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. रामधन वाकला, डालं ओढू लागला आणि मधेच खाली बसला. सुरी हातातून पडली. त्याचे खांदे हलत होते. तिला वाटलं, तो रडतो आहे. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ तव्यासारखी तापलेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी रामधन गेला. खांदा द्यायला तांड्यात चार धडधाकट पुरुष नव्हते. दोन पुरुष होते. तिसरा आणि चौथा खांदा बेबीबाई आणि सोनीबाईनं दिला. बायकांनी असं करायचं नसतं, हे सांगायलाही कोणी उरलं नव्हतं.

परत येऊन ती भिंतीशी बसली. चूल पेटवली नाही. ललिता जिवंत आहे की नाही, हेही पाहायला उठली नाही. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचारानं तिला भीतीसुद्धा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आतून काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. ललिता हातांवर रांगत उंबऱ्यापर्यंत आली होती. केस चिकटलेले, डोळे खोल गेलेले. पण डोळ्यांत ओळख होती.

"याडी," ती सासूला आईची हाक मारत म्हणाली, "कवडी वरडून राह्यली. तिले पाणी नाई."

सोनीबाई उठली. डालं उचललं तर कवडी उभी होती. डावा पाय टेकवून. उजवा मात्र आता डाव्यापेक्षा जास्त फुगला होता. सोनीबाईनं आधी सुनेचं कपाळ पाहिलं. ते गार, घामानं ओलं होतं. तिनं तिला पाणी पाजलं, मग कोंबडीला. मग चूल पेटवून दोन भांडी ठेवली, एकात पेज आणि एकात निंबाचा पाला. पेजेचे चार घोट ललिताच्या पोटात राहिले.

"हा पाय राह्यला," सोनीबाई म्हणाली. "पण माह्या हातात जोर नाई आता. धरणारं कोणी पायजे."

ललितानं हात पुढे केले. हात कसले, नुसती हाडं. "द्या इकडे."

"दुखन तिले. झटके देईन."

"देऊ द्या. कापा तुमी, मी सोडत नाई."

तो खिळा एकदम निघाला नाही. तुकड्या-तुकड्यानं आला. चार दिवसांनी पुन्हा कापावं लागलं. दोन्ही वेळा ललितानं कोंबडीला छातीशी दाबून धरलं आणि तिचे डोळे हातानं झाकले. जखम भरली, पण एक बोट कायमचं ताठ राहिलं. कवडी थोडी लंगडतच चालायची.

अंडं आलं ते बावीस दिवसांनी. तोवर ललिता पेज आणि भाकरीचा कुटका खाऊन भिंतीला धरून चालायला लागली होती. सोनीबाईनं ते अंडं उकडलं, दोऱ्यानं मधोमध कापलं आणि अर्धं सुनेपुढे ठेवलं.

ललितानं ते हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली.

"खाय नं."

"त्याइले बलक लय आवडे," ललिता म्हणाली.

रूपला गेल्यापासून तिनं त्याच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. त्याच्यासाठी रडायला तिला सवडच मिळाली नव्हती. आता ती रडू लागली, आवाज करून, तोंड न झाकता. सोनीबाईनं तिला गप्प केलं नाही. तिच्याजवळ सरकून बसली आणि तिच्याबरोबर रडली, लेकासाठी आणि नवऱ्यासाठी. बऱ्याच वेळानं दोघींनी ते गार झालेलं अंडं मीठ लावून खाल्लं. खाताना एकमेकींकडे पाहिलं नाही.