कॅसेटमधलं गाव

राजदीप गेला तेव्हा त्याची मुलगी संघमित्रा, घरात सगळ्यांची मित्रा, बालवाडी संपवून पहिलीत जाणार होती. साथीच्या त्या उन्हाळ्यात भिलाईत माणसं अशी जात होती की घरच्यांना शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळत नव्हतं. धोंडबांनी लेकाला पाहिलं ते लांबून, गुंडाळलेलं. तो राजदीपच होता हे कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मानलं.

त्यानंतर सून करिष्मा मुलीला घेऊन दुर्गला, मोहन नगरात, आपल्या माहेराजवळ राहायला गेली. भांडणतंटा काही नव्हता. तिची नोकरी तिकडे, पोरीची शाळा तिकडे. दर शनिवारी मात्र ती स्कूटरवरून मित्राला भिलाईच्या सेक्टरातल्या आजी-आजोबांच्या क्वार्टरच्या फाटकाशी सोडायची, आत न येता निघून जायची आणि रविवारी विहारातली वंदना आटोपली की घेऊन जायची. आत का येत नाही, हे सासू सत्यशीलाबाईंनी एकदाही विचारलं नाही. दिवाणखान्यात राजदीपचा फोटो होता.

चौथीची पुस्तकं मिळाली त्या शनिवारी मित्रा दप्तर न उतरवताच म्हणाली, "आजोबा, पप्पाची कॅसेट काढा. मी चौथीत गेली."

धोंडबांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं, आणि ते खुर्चीत बसले.

राजदीप आठवीत असताना त्याच्या मामाने मस्कतहून हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्या पाठीत बिस्किटाएवढा एक प्लास्टिकचा तुकडा खोचला की खेळ सुरू व्हायचा. त्या तुकड्याला सगळी पोरं कॅसेटच म्हणायची. खेळ साधाच होता. नदीकाठी मोकळी जमीन असायची. तिथे घरं बांधायची, धान लावायचं, विहीर खणायची, एकेक माणूस आणून वसवायचा आणि त्याला नाव द्यायचं. राजदीपने त्या गावात सगळं घर वसवलं होतं. लग्नानंतर त्याने तिथे करिष्मासाठी नदीकडे तोंड करून घर बांधलं. मित्रा झाली तेव्हा दवाखान्यातून आल्या दिवशी दुपारभर ते खेळणं घेऊन बसला आणि एका नव्या माणसाला लेकीचं नाव दिलं.

पुढे तो तिला ते गाव गोष्टीसारखं सांगायचा. "तिथं आपण सगळे राहतो. आजोबा लोहार आहेत, आजीची शाळा आहे. तू लई लहान आहे, विहिरीजवळ खेळत राहते. चौथीत गेली ना, की तुले दाखवतो."

दाखवणारा गेला. गाव मात्र कॅसेटमध्ये होतं.

धोंडबांनी कपाटातून खेळणं काढलं आणि पाहिलं, तर त्याचं सगळं पोट हिरव्या-पांढऱ्या भुकटीने भरलेलं. पेन्सिल सेल आत तसेच राहिले होते, ते फुटले आणि त्यांनी मशीन खाऊन टाकलं होतं.

"पाहा," ते हळहळले. "जिंदगीभर सांगत आलो मी, वस्तू ठेवायची तर सेल काढून ठेवा. ऐकलं नाई पोट्ट्यानं."

"कॅसेट ठीक आहे ना?" मित्राने विचारलं.

कॅसेट डब्यात वेगळी होती. वरून तरी ठीक होती.

मित्राला शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी एक गोष्ट शिकवली होती, ती तिने आजोबांना समजावली. जुनं यंत्र मेलं तरी आजच्या संगणकात त्याचं सोंग घेणारा एक प्रोग्राम घालता येतो. एम्युलेटर म्हणतात त्याला. बहुरूपी जसा पोलीस होऊन येतो तसा हा प्रोग्राम जुनं खेळणं होऊन बसतो, आणि खेळाला वाटतं की आपण आपल्याच घरात आहोत. फक्त खेळ आणून द्यावा लागतो.

"मग आनू ना," धोंडबा म्हणाले.

शेजारचा विक्की मोबाईल दुरुस्त करायचा. दोन पोरांचा बाप, पण खेळाचं नाव काढलं की स्वतःच पोर होई. तो लगेच पेन ड्राइव्ह घेऊन आला. "काका, हजारों गेम हैं इसमें. एक ढूंढोगे, दस मिलेंगे."

सत्यशीलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोणाचे आहेत हे?"

"सबके हैं चाची. नेट के हैं."

"सबके म्हणजे कोणाचे? ज्यानं बनवले त्यानं देल्ले का तुले?"

विक्की हसला. "चाची, बनानेवाला बैठा है जापान में. उसको क्या पता भिलाई में कौन खेल रहा है?"

"त्याले नाई माईत. मले तं माईत राहीन ना? दर रविवारी विहारात पोराइकडून म्हणवून घेते मी, न दिलेली वस्तू घेणार नाई. अन् घरी येऊन नातीच्या हातात तेच देऊ?"

"चाची, तुम्हारे घर में तो चोर भी आएगा तो पंचशील बोल के जाएगा."

"येऊ दे. चहा पाजून पाठवीन."

मित्रा गंभीरपणे म्हणाली, "आजी, तसंही ते नको. विक्की भैयाच्या गेममध्ये गाव रिकामं राहीन. पप्पाचं गाव सिर्फ आपल्याच कॅसेटमध्ये आहे."

यावर विक्कीही हसायचा थांबला.

मग आजोबा-नातीने रीतसर शोध घेतला. संगणकाच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की जुन्या खेळांचेही सरळ रस्ते असतात. काही खेळ बनवणाऱ्यांनी आपल्या हाताने सर्वांना फुकट देऊन टाकलेत. काही कंपन्या जुनेच खेळ नव्याने विकतात. राजदीपचा खेळ दोन्हीकडे नव्हता. ती कंपनीच केव्हाची बंद पडली होती. उरला एकच रस्ता. आपण विकत घेतलेल्या कॅसेटमधून, आपल्यापुरतं, आपणच उतरवून घ्यायचं. सत्यशीलाबाईंनी नागपूरला भावाला फोन लावून खात्री केली. "मस्कतच्या दुकानातूनच घेतली होती ना रे? फुटपाथवरची नव्हती ना?" भाऊ म्हणाला, "अवो बाई, शिक्का आहे डब्ब्यावर, पाहा ना!" तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

कॅसेट वाचणारी एक छोटी डबी मिळते, तिला संगणकाची वायर असते. ती करिष्माने मागवून दिली. देताना फाटकातूनच तिने सासऱ्यांना हळूच विचारलं, "बाबा, खरंच असंन का ते त्यात अजून? मी एकदाच पाह्यलं होतं. माझं घर नदीकडे होतं."

"असंन बेटा. जाईन कुठं?"

त्या शनिवारी कॅसेट डबीत खोचली, पण घरातला संगणक काही ती वाचेना. आतल्या पितळी पट्ट्या काळवंडल्या होत्या. मित्राचा चेहरा उतरला.

"साफ कराव्या लागतीन," धोंडबा म्हणाले. "पुढच्या शनिवारी ये. करून ठेवतो."

"आजोबा, सांभाळून हं."

"अवो, तुहा आजोबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होता. ही तं चिल्लर गोष्ट आहे."

ही बढाई नव्हती. धोंडबांचं सगळं आयुष्य पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये गेलं होतं, आणि तिथे एकच धर्म होता: आधी लाईन तोड, मग हात लाव. शटडाऊन घेऊन वीज बंद केल्याशिवाय, स्विचवर आपल्या नावाची पट्टी लावल्याशिवाय कोणी पान्ह्यालाही शिवत नसे. त्यांच्या बाजूला काम करणारा प्रेमानंद एकदा घाईत शिवला होता. त्याला उचलून नेताना धोंडबांनी त्याचे पाय धरले होते. तेव्हापासून ती सवय हाडात गेली. घरातला मिक्सर पुसायचा तरी ते पिन काढून टेबलावर ठेवत. नवीन पोरांना कामावर शिकवताना त्यांचं पहिलं वाक्य हेच असे, आणि त्यांच्या हाताखालचा एकही पोरगा कधी भाजला नाही.

बुधवारी सकाळी सत्यशीलाबाई विहाराकडे गेल्या तेव्हा त्यांनी खिडकीजवळ टेबल ओढलं, चष्मा पुसला आणि कॅसेटचा स्क्रू काढला. आत सर्किटची हिरवी पट्टी होती. तिच्यावर काळे तुकडे, आणि एका कोपऱ्यात चार आण्याएवढा गोल सेल, दोन पायांवर डाख देऊन चिकटवलेला.

सेल दिसला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते भुकटीने खाल्लेलं खेळणं आलं. बरं झालं आपण उघडून पाहिलं, त्यांना वाटलं. हाही फुटला असता. आणि आत सेल आहे म्हणजे करंट आहे. करंट आहे म्हणजे आधी लाईन तोडायची. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी सोल्डरिंग गन तापवली, दोन्ही पाय सोडवले आणि सेल अलगद उचलून बशीत ठेवला. मग निर्धास्त होऊन पितळी पट्ट्या स्पिरिटने पुसल्या आणि मित्राच्या खोडरबराने घासल्या. त्या सोन्यासारख्या निघाल्या. बाजारातून तसाच नवा सेल आणून त्यांनी डाखला. पोरीला पुन्हा कधी त्रास नको.

संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "राजदीप असता तं म्हनला असता, बाबा, मस्त काम केलं." राजदीपचं नाव त्यांनी हसून घेतलं, असं फार दिवसांनी झालं होतं.

शनिवारी करिष्माने स्कूटर फाटकाच्या आत घेतली. दिवाणखान्यात आली, फोटोपुढे क्षणभर उभी राहिली आणि मित्राच्या मागे स्टूलावर बसली. सत्यशीलाबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

या वेळी संगणकाने कॅसेट वाचली. पडद्यावरची पट्टी भरत भरत शेवटापर्यंत गेली. मित्राने टाळी वाजवली. एम्युलेटरने सोंग घेतलं, पडदा उजळला आणि तीच जुनी टिंगटिंग धून वाजू लागली. करिष्माने तोंडावर पदर धरला. ही धून रात्री उशिरापर्यंत वाजते म्हणून ती नवऱ्यावर चिडायची.

मग नदी आली. नदीकाठी मोकळी जमीन होती. तिथे घर नव्हतं, विहीर नव्हती. एक चौकोन उघडला आणि त्याने गावाचं नाव विचारलं.

"हे नाई," मित्रा म्हणाली. "इथं जुनं गाव उघडायचं बटन पाहिजे. पप्पा म्हणायचा, वरचं बटन." तिने मागे जाऊन पाहिलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा नदी, पुन्हा तीच जमीन.

विक्कीला बोलावलं. त्याने पडदा पाहिला, मग टेबलावरची कॅसेट आणि शेजारची बशी पाहिली. "काका, ये पुराना सेल... आपने निकाला था?"

"काढला. आधी लाईन तोडावी लागते ना. नवीन टाकला त्याच्या जागी."

विक्कीने कॅसेट हातात घेऊन नवा सेल पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, गेम तो चिप में रहता है, वो कहीं नहीं जाता. पर जो खेला हुआ है ना, वो इसी सेल पे टिका रहता है. एक मिनट भी हटाओ तो..." एवढं बोलून तो चपला घालून निघून गेला.

धोंडबा बशी उचलून आतल्या खोलीत गेले. सत्यशीलाबाई मागोमाग आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "तिले सांगा, सेल पुराना होता, आधीच संपून गेल्ता. इतकी वर्षं कोणता सेल चालते? तसंच असंन. मोजून पाहा ना."

तसंच असेल, असं धोंडबांनाही वाटलं. त्यांनी कपाटातून मीटर काढलं. आयुष्यभर त्यांनी मीटर लावलं ते करंट आहे की नाही हे पाहायला, आणि दर वेळी मनात एवढंच असे की नसावा. आजही तेच होतं. लाल टोक एका बाजूला, काळं दुसऱ्या बाजूला. आकडा वर चढला आणि तिथेच ठाम राहिला.

त्यांनी टोकं पुसली आणि पुन्हा लावली. तोच आकडा आला.

दारात मित्रा उभी होती. "आजोबा, सेल मेला होता का?"

सत्यशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दर रविवारी त्या पोरांकडून जे म्हणवून घेत त्यात खोटं न बोलण्याचंही होतं. 

"नाई बेटा," धोंडबा म्हणाले. "जिवंत होता. मीच काढला."

मित्राने पुढे येऊन सेल उचलला आणि तळहातावर ठेवून पाहिला. "मग गाव ह्याच्यात आहे?"

हो म्हटलं असतं तर पोरीने तो जन्मभर जपून ठेवला असता. धोंडबांनी तिला जवळ घेतलं आणि नव्या पोरांना समजावत तसं सावकाश सांगितलं, "नाई. गाव त्या काळ्या तुकड्यात होतं. हा फक्त त्याच्या उशाशी जागत बसला होता. ह्याले हलवलं की ते विसरून जाते."

"इतकी वर्षं जागला?"

"इतकी वर्षं."

"पप्पा गेल्यावर पण?"

"व्हय. पप्पा गेल्यावर पण."

मित्राने सेल हळूच बशीत परत ठेवला, आवाज होणार नाही असा. "तुमाले माईत नव्हतं," ती म्हणाली. ती विचारत होती की समजूत घालत होती, हे धोंडबांना कळलं नाही. मग ती आईकडे गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. रविवारची वंदना या वेळी राहिली.

धोंडबा बाहेर आले तेव्हा दिवाणखान्यात कोणी नव्हतं. संगणक तसाच सुरू होता. मोकळ्या जमिनीशेजारून नदी वाहत होती आणि चौकोनातली रेघ लुकलुकत गावाचं नाव विचारत होती. धोंडबांचा हात सवयीने बोर्डाच्या बटनाकडे गेला. बटनावर बोट ठेवून ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्याने ते दाबवलं नाही.